लिंतांग दारातून आत येत नाही

शनिवार, ४ जानेवारी

फत्ते! मुलगा गालिह आणि सून नूनिंग गेले आणि नात लिंतांगच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. योजना अर्थातच माझी. घरून निघाले असते तर रडारड, गळ्याला मिठ्या, शेजारच्या तार्मीबाई कुंपणावरून मान लांब करून — सगळा तमाशा! म्हणून सगळेच त्यांच्या गाडीतून सुपरमार्केटला गेलो. मी पोरीला कडेवर घेऊन थेट आत, माशांच्या टाकीपाशी. 'तो बघ मिशीवाला! तो बघ लठ्ठ!' ती बोटं काचेला लावून बघत राहिली आणि तेवढ्यात गाडी पार्किंगमधून बाहेर. विमानतळाच्या वाटेलासुद्धा लागली असेल तोवर. अडतीस वर्षं शाळेत घालवली ती काही उगाच नाही.

सहा महिन्यांचा तर प्रश्न. गालिह सुलावेसीच्या त्या निकेलच्या कारखान्यात आधीपासून होताच, आता तिथल्या दवाखान्यात नूनिंगलाही नर्सची जागा मिळाली. कायम होईपर्यंत कुटुंबाला घर देत नाहीत. खोल्या देतात, त्यात मुलंबाळं चालत नाहीत. मागच्या महिन्यात आम्ही चौघं बसून ठरवलं. ठरवलं म्हणजे — नूनिंग म्हणाली, 'बाबा, तुम्हाला जड तर नाही ना जाणार?' मी म्हटलं, 'छे! जड कसलं!' माझी बायको मुर्तिनी म्हणाली, 'मुलांची इच्छा.' गालिह म्हणाला, 'तुम्ही म्हणाल तसं.' झालं. सभ्य घरात गोष्टी अशा ठरतात.

या वहीपुरतं खरं सांगायचं तर मला आनंद झाला. निवृत्तीनंतर या घरात घड्याळाचा आवाज फार मोठा झाला होता.

परत येताना सायकलरिक्षात तिने विचारलं, 'इबू?' म्हटलं, 'आई कामाला गेलीय. येईल हं.'

रविवार, ५ जानेवारी

दिवसभर दाराशी बसून होती. जेवली चार घास. होईल सवय.

शनिवार, ११ जानेवारी

मुर्तिनीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन महिनाच झालाय. ती चालते, पण पोरीमागे धावू शकत नाही. म्हणून आठवड्याची खरेदी मी करायची आणि लिंतांगला सोबत न्यायचं, असं ठरलं. मी म्हटलं, त्यात काय! पाचशे मुलांची सहल मी समुद्रावर नेऊन एकही न हरवता परत आणलीय. ही अडीच वर्षांची एक.

यादी केली. दुधाची पावडर, डायपर, तेल, गोड सोया सॉस, सोयाबीनच्या टेंपेच्या वड्या, मुर्तिनीचा मलम, वाळवलेल्या कुरकुरीत पापड्या. एकूण तेरा जिन्नस. यादी मांडणीच्या क्रमाने लावून घेतली, म्हणजे उलटसुलट फिरायला नको. स्कूटरवर ती पुढे उभी, माझ्या दोन हातांच्या मध्ये. रस्ताभर खूश. गाय दिसली की 'गाऽऽय!'

सुपरमार्केटचं दार आपोआप उघडतं. ते उघडलं. गार हवा अंगावर आली. आणि लिंतांगने अंग टाकलं.

म्हणजे सरळ फरशीवर. पाठीवर. हातपाय चारी दिशांना. 'नक्को!'

मी शांतपणे म्हटलं, 'लिंतांग, ऊठ.' माझ्या शिस्तीच्या बारा नियमांतला पहिला : सूचना एकदाच द्यावी, स्पष्ट आवाजात. ही नियमांची पुस्तिका मी मुख्याध्यापक असताना लिहिली होती, जिल्ह्यातल्या सहा शाळांनी मागवून नेली होती. आज मी सूचना एकदाच दिली. मग अजून एकदाच. अशी चाळीस वेळा एकदाच दिली.

दार उघडत होतं, बंद होत होतं, ती मध्ये असल्यामुळे परत उघडत होतं. आतून बाहेर यायला थांबलेल्या माणसांची रांग. बाहेरून आत जायला थांबलेल्यांची दुसरी रांग. कोणी काही बोलत नव्हतं — आपल्याकडे कोण बोलतं! सगळे हसून 'सावकाश, सावकाश' म्हणत होते आणि घड्याळ बघत होते.

दारावर जुमादी. सुरक्षारक्षकाचा गणवेश, पोट सुटलेलं, सत्याण्णवच्या तुकडीतला. शाळा बुडवतो म्हणून याला मी एकदा झेंड्याच्या खांबाखाली तासभर उन्हात उभं केलं होतं. तो खाडकन सलाम ठोकून म्हणाला, 'गुरुजी, मदत करू का?' डोळ्यांत काय होतं ते मला नीट कळलं, मुख्याध्यापकाला कळतंच.

'गरज नाही,' म्हटलं.

शेवटी त्यानेच पोरीला उचलून स्कूटरवर उभं केलं. तेरापैकी शून्य जिन्नस घेऊन घरी आलो.

मुर्तिनीने विचारलं, 'दुकान बंद होतं का?'

शनिवार, १८ जानेवारी

आज कडेवर घेऊन आत शिरलो. तत्त्वाला मुरड घातली, पण आत शिरलो! तिने माझे दोन्ही कान धरले आणि कानांतच ओरडायला सुरुवात केली. नूडल्सच्या रांगेतल्या सगळ्या बायका वळल्या. एकीने हसून विचारलं, 'भूक लागली असेल?' दुसरी, 'झोप आली असेल?' तिसरी, 'पोटात वारा धरलाय, तेल चोळा.' मी तिघींनाही 'हो हो, तेच' म्हणालो.

ट्रॉलीच्या बैठकीत बसवलं. ती उभी राहिली. परत बसवलं. बूट काढून फेकले, एक सापडला. दुसरा सुट्या तांदळाच्या हौदात. तो काढायला मी वाकलो, तर हिने दोन्ही हात कोपरापर्यंत तांदळात! आणि क्षणभर गप्प. मीही गप्प. दोघंही तसेच उभे राहिलो, हात गार तांदळात घालून. खरं सांगतो, बरं वाटलं. मग तिथली मुलगी आली, 'गुरुजी, माफ करा हं, तांदूळ... ग्राहक...' आणि परत किंचाळ्या सुरू.

त्या गडबडीत मी पोरीला कडेवर उचललं आणि ट्रॉली घेऊन सुसाट पैसे द्यायला गेलो. काउंटरवरची विवित एक एक वस्तू काढायला लागली. मांजराचं खाणं, परत मांजराचं खाणं, केसांचा काळा रंग. म्हातारपणी घालायचे मोठे डायपर. ती अत्यंत आदराने, माझ्याकडे न बघता ते पुढे सरकवत होती.

'ही माझी ट्रॉली नव्हे,' मी म्हटलं.

'हो गुरुजी,' ती म्हणाली. म्हणजे तिला पटलं नव्हतं.

मागून एक गृहस्थ धापा टाकत आले, माझी ट्रॉली ढकलत. त्यात लिंतांगचा बूट होता. एकमेकांची पाच वेळा माफी मागितली. आता त्यांचं गुपित मला माहीत आणि माझं त्यांना.

रविवार, १९ जानेवारी

नूनिंगचा फोन. तिथे नेटवर्क फार कच्चं, चित्र थिजतं. तिचा चेहरा अर्धवट हसलेला तसाच राहिला बराच वेळ.

'बाबा, सगळं ठीक?'

'उत्तम! तुझं?'

'छान आहे सगळं. लिंतांग त्रास देत नाही ना?'

'मुळीच नाही. गुणी पोर.'

'हो का... बरं झालं.'

लिंतांगसमोर फोन धरला, तर तिने त्याकडे पाठ केली आणि भिंतीशी जाऊन बसली. मी सांगितलं, 'खेळात आहे.'

शनिवार, २५ जानेवारी

नियम सातवा : आमिष दाखवू नये, त्याने चारित्र्य बिघडते.

आज गोड दह्याच्या पेयाच्या छोट्या बाटल्या तीन, मोटारीच्या आकाराची ट्रॉली, बाहेरच्या नाणं टाकून हलणाऱ्या हत्तीवर दोन फेऱ्या आणि माझी टोपी — एवढं चारित्र्य बिघडवून ती दारातून आत आली. आली, हे महत्त्वाचं! निम्मी यादी झाली. मला वाटलं, जिंकलो. बक्षीस म्हणून तिला माशांच्या टाकीकडे नेलं. मासे आवडतात ना तिला.

टाकी दिसली मात्र — असा टाहो फोडला! तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. टाकीतले मासेसुद्धा पलीकडच्या कोपऱ्यात गेले. मासळी साफ करणारा माणूस सुरी हातात धरून थांबला आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानेच काही केलं. 'मी काही नाही केलं हो!' तो म्हणाला.

उरलेली यादी तशीच. पोर कडेवर, दह्याचे ओघळ सदऱ्यावर.

मुर्तिनी सदरा भिजवता भिजवता म्हणाली, 'तुमच्या पुस्तिकेची एखादी प्रत शिल्लक असेल तर द्या.'

'वाचायला?'

'कपाटाचा पाय हलतोय.'

बुधवार, २९ जानेवारी

तार्मीबाई आज कुंपणावरून : 'गुरुजी, परवा तुम्हाला सुपरमार्केटात पाहिलं. किती धीर हो तुम्हाला!' म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं.

मुलं हट्टी होतात याला कारण आईबाप. नूनिंग फार लाड करायची. दर आठवड्याला हिला सुपरमार्केटात न्यायची आणि मागेल ते हातात. आता निस्तरायचं मी!

शनिवार, १ फेब्रुवारी

पुन्हा दारात. पुन्हा फरशीवर. जुमादीने न विचारताच उचलली. आमच्यात आता बोलणं लागत नाही.

आमच्या कुटुंबात चार मोठी माणसं. महिन्याभरात एकानेही कशाला 'नको' म्हटलेलं मला आठवत नाही. ही एकटीच म्हणते, आणि सगळ्यांच्या वाट्याचं म्हणते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

घाईघाईने लिहितोय. अक्षर वाईट येतंय. तरी लिहून ठेवतो.

आज ती आत आली. दारात कुरकुरली, पण माझं बोट घट्ट धरून चालत आली. मी मनात दुसऱ्या नियमाला श्रेय दिलं — सातत्य! साबणाच्या रांगेपाशी कपड्यांचा साबण बघत होतो, एकावर एक फुकट होता. आणि बोट सुटलं.

पळाली. रांगेच्या टोकाला एक बाई पाठमोरी उभी होती. फिकट हिरवा डोक्याचा रुमाल, निळसर सदरा, खांद्याला कापडी पिशवी. 'इबूऽऽ!' लिंतांगने जाऊन तिच्या सदऱ्याला मागून दोन्ही हातांनी पकडलं आणि तोंड त्यात खुपसलं.

बाई वळली. पन्नाशीची, दयाळू चेहऱ्याची. 'अगं बाई! कोणाची गं तू?'

लिंतांगने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सदरा लगेच सोडला नाही. जणू नीट पाहिलं तर चेहरा बदलेल. मग एकेक हात सोडला. वळली आणि माझ्याकडे चालत आली. हळू. वाटेत डाव्या रांगेत डोकावली, मग उजव्या रांगेत.

रडली नाही. जिने मासे पाहून सगळं दुकान डोक्यावर घेतलं, ती आज रडली नाही. येऊन माझं बोट परत धरलं, जसं आपलंच काही चुकलं.

त्या बाईने मला विचारलं, 'आई नाही का हिला?' मी म्हटलं, 'आहे, आहे, कामाला असते.' तीही घाईने म्हणाली, 'हो हो, असेलच.'

सामान तिथेच सोडलं. बाहेर आलो. जुमादीने स्कूटर काढून दिली, पोरीला पुढे उभं केलं, आणि टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, 'गुरुजी, एक सांगू? रागावणार नसाल तर.'

'बोल.'

'ती दारात आडवी पडते ना, तेव्हा दुकानाकडे नाही बघत. मान वळवून पार्किंगकडे बघते. तिकडच्या त्या खांबाकडे. त्या दिवशी साहेबांची गाडी तिथेच होती. मीच शिटी वाजवून बाहेर काढली. बाईसाहेब तर... गाडी रस्त्याला लागेपर्यंत मागच्या काचेतून बघत होत्या. रडत होत्या फार. तुम्ही आत होता.'

मी त्या खांबाकडे पाहिलं.

'तिला वाटत असेल गुरुजी, की इथे आत गेलं की बाहेरचं माणूस नाहीसं होतं. मला आपलं वाटलं. माझ्या धाकटीचंही असंच... पण मी कोण सांगणारा?'

'इतके दिवस का नाही बोललास?'

तो टोपीची कड फिरवत राहिला. 'तुमच्यासमोर कसं बोलायचं गुरुजी!'

एक अश्रू नाही, असं मी या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. फुशारकीने. मासे दाखवले तिला, मासे!

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी मुर्तिनीला सगळं सांगितलं. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

'मला माहीत होतं,' म्हणाली. 'पहिल्या दिवसापासून. रोज दुपारी ती नूनिंगने इथे ठेवलेल्या कपड्यांच्या कपाटात जाऊन बसते. दार लावून.'

'मग बोलली का नाहीस?'

'तुम्ही विचारलंत का? तुम्ही किती खूश होतात. घरात मूल आलं म्हणून शीळ घालत होतात सकाळी.'

मी शीळ घालतो हे मला माहीत नव्हतं.

मग नूनिंगला फोन लावला. तीनदा कटला, चौथ्यांदा लागला. नमस्कार-चमत्कार काही न करता म्हटलं, 'तू हिला घेऊन जा. किंवा तू परत ये. तिला आई हवी. आम्ही चुकलो. मी चुकलो.'

तिचा चेहरा हलेना. मला वाटलं, पुन्हा चित्र थिजलं. पण तिच्यामागे भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्याने हलत होतं.

मग ती जी रडायला लागली! 'बाबा, मी रोज ठरवते की आज म्हणायचं, मला तिला घेऊन यायचंय. पण तुम्ही म्हणता उत्तम, गुणी पोर. वाटलं तिला तुमच्याकडेच बरं वाटतंय. आणि परत मागितली तर तुम्हाला वाटेल की तुमच्यावर विश्वास नाही. आईंना वाईट वाटेल.'

मागून गालिह म्हणाला, 'मलाही तेच वाटत होतं.'

'मग बोलायचं ना, गाढवा!' मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो त्याच्यावर, घरात. शाळेत ओरडायचो, ते वेगळं.

चार शिकलेली माणसं. पाच आठवडे एकमेकांची मनं जपत होतो, आणि त्या पोरीचं मन कपाटात बसलं होतं.

नूनिंग वरिष्ठांशी बोलणार. घर लवकर मिळेल का बघणार. नाहीच मिळालं तर बाहेर खोली भाड्याने. ईदच्या सुट्टीत, म्हणजे मार्चअखेरीला, येऊन घेऊन जाणार. आधी सुट्टी नाही. सात आठवडे!

पण आता सगळं ठरलं. जीव हलका झाला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मी तिला घरीच ठेवून जाणार होतो. पण मी चप्पल घालताच ती येऊन उभी राहिली. बूट स्वतः घालून — उलटे. दारातून आत आली. कुरकुर नाही. ट्रॉलीत बसली. बसली ती बसूनच राहिली.

तेराच्या तेरा जिन्नस! विवितने आज माझ्याकडे बघून हसून पावती दिली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आजही शहाण्यासारखी. यादी तिच्या हातात दिली, ती धरून बसली. मी एक एक वस्तू ट्रॉलीत टाकली की ती मान हलवते, जणू हिशेबनीस. दह्याची बाटली हवी का विचारलं. 'काकुंग म्हणेल तसं,' म्हणाली! काकुंग म्हणजे मी, तिचा आजोबा.

मी हसत सुटलो. कुठून शिकली? घरी येऊन मुर्तिनीला सांगितलं. ती हसली नाही.

शनिवार, १ मार्च

रोजे सुरू. पोटात काही नाही, तहान लागलेली, त्यात दुकानात सगळीकडे खजुरांचे डोंगर आणि सरबताच्या बाटल्या. मागचा महिना असता तर पोरीने माझा पहिलाच रोजा खलास केला असता. पण आज अर्ध्या तासात बाहेर. हिरव्या रुमालाच्या दोन बायका दिसल्या. लिंतांगने एकदा पाहिलं आणि परत यादीकडे पाहिलं. पळाली नाही.

विसरली बहुतेक. लहान मुलं पटकन विसरतात, बरंच असतं ते.

जुमादी दारात म्हणाला, 'आता पार्किंगकडे बघत नाही गुरुजी.' मी म्हटलं, 'बघ, आली ना वळणावर!' तो 'हो गुरुजी' म्हणाला.

गुरुवार, ६ मार्च

नूनिंगचा फोन. चौथ्यांदा आज. दोन खोल्यांचं घर मिळालंय, कारखान्याच्या फाटकापासून जवळ. पडदे शिवतेय. पडद्यावर चांदण्या. पोरीच्या नावाचा अर्थच चांदणी, म्हणून. लिंतांगने फोनकडे पाहून हात हलवला. मी सांगितलं म्हणून हलवला. नूनिंग केवढी हरखली! 'बाबा, आज तिने पाठ नाही केली!'

'सुधारतेय,' मी म्हटलं.

शनिवार, ८ मार्च

आज दारात दुसरंच एक पोर आडवं पडलं होतं! तीन वर्षांचा मुलगा, आई घामाघूम. दार उघडतंय, मिटतंय, रांगा लागल्यात. लिंतांग माझं बोट धरून त्याच्या बाजूने नीट वळसा घालून आत आली. त्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की माझी छाती आपोआप पुढे आली.

'आजोबा, कसं केलंत हो तुम्ही?'

सांगायला हवं होतं. 'सातत्य,' म्हणालो.

रविवार, १६ मार्च

तार्मीबाईंनी गल्लीतल्या बायकांच्या बैठकीत मला बोलावलं. विषय : मुलांना शिस्त कशी लावावी. वीसएक बायका, संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी. मी नाही म्हणणार होतो. पण तार्मीबाई इतक्या आदराने आल्या — कसं म्हणायचं?

पाऊण तास बोललो. बारा नियम सांगितले. मधून मधून वाटत होतं, आता थांबावं, खरं सांगून टाकावं : मासे, पार्किंग, कपाट. पण सगळ्या लिहून घेत होत्या. लिंतांग पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती. पाऊण तास! हलली नाही. एक बाई म्हणाली, 'यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?' टाळ्या झाल्या.

ती टाळ्या वाजवत नव्हती, तर मी तिला खूण केली. मग वाजवल्या.

मंगळवार, १८ मार्च

दुपारी नूनिंगचं कपाट उघडून पाहिलं. रिकामं. ती अंगणात होती, बादलीतल्या पाण्याकडे बघत बसलेली.

मुर्तिनीला विचारलं, 'हल्ली कपाटात नाही बसत?'

'महिना झाला,' ती म्हणाली.

मग चांगलंच ना? मी विचारलं तिला तसं. ती म्हणाली, 'तुम्हाला काय वाटतं?' एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईने मला पहिल्यांदाच असा प्रश्न केला.

शनिवार, २२ मार्च

ईदची खरेदी. दुकान तुडुंब. बिस्किटांचे डबे माणसाच्या उंचीचे. तास लागला, पैसे द्यायला वीस मिनिटं उभे. लिंतांगने चूं केलं नाही.

मी मुद्दाम दह्याच्या बाटल्यांपाशी थांबलो. हवी का? ती यादीकडेच बघत राहिली. मग एक उलटाच प्रयोग केला. हातातली यादी काढून घेतली. आवडती आहे तिची. वाटलं, ओरडेल. ओरडावी असं वाटलं! भर दुकानात, रोज्याच्या दिवशी, एवढ्या माणसांत मी मनातल्या मनात म्हणत होतो, ओरड गं बाई, एकदा ओरड.

रिकामा हात तिने मांडीवर ठेवला.

यादी परत दिली.

बुधवार, २६ मार्च

'लिंतांग, शनिवारी इबू येणार!' असं आम्ही दोघं दिवसातून दहादा सांगतो. ती 'हो' म्हणते. मुर्तिनी नूनिंगसाठी नारळाच्या दुधातली खीर करायची म्हणते, तिला आवडते. खोलीत नवी चादर घातली.

मी पुस्तिकेची प्रत शोधली. माळ्यावर एक गठ्ठाच होता. कपाटाच्या पायाखाली एक लावली. कपाट हलायचं थांबलं. बाकीच्या रद्दीवाल्याला.

शनिवार, २९ मार्च

नूनिंग आली. साडेदहाला. रिक्षा थांबायच्या आत उतरली, फाटकातच मातीत गुडघ्यांवर बसली, हात पसरले.

लिंतांग माझ्या शेजारी उभी होती. पळाली नाही. लपली नाही. नीट चालत पुढे गेली, नूनिंगचा उजवा हात धरला, वाकून तो आपल्या कपाळाला लावला — घरी आलेल्या पाहुण्यांना करतो तसा — आणि परत येऊन माझं बोट धरून उभी राहिली.

नूनिंगचे हात तसेच राहिले.

कुंपणावरून तार्मीबाई म्हणाल्या, 'बघा, बघा! काय गुणाची पोर आहे!'